मागणाऱ्यांची पट्टी

प्लायवूड सरळ कापायचं तर कटर मशीन पट्टीला धरून चालवावं लागतं. २००६ साली मी अशा दोन पट्ट्या घेतल्या. एक पुण्याहून मागवलेली, भारीतली, केसभरही न वाकणारी. दुसरी स्वस्तातली, मधेच पोटात वाकलेली. ती खास गल्लीतल्या सुतारांसाठी, कारण मागायला आलेल्याला नाही म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. भारीतली मी जुन्या साडीत गुंडाळून कॉटखाली ठेवायचो.

बहिणीच्या लग्नातलं कपाट रविवारपर्यंत करायचं होतं. शुक्रवारी कॉटखाली हात घातला, तर नुसती साडीच हाताला लागली.

वडिलांना विचारलं, "आण्णा, पट्टी कुठं हाय?"

"शाहूवाडीचं एक सुतार पावणं आलतं. आठ दिसांसाठी घिऊन गेलं."

"आवं, मागणाऱ्यांची पट्टी दारामागं हाय की! ती का न्हाय दिली?"

मला वाढवण्यातच काहीतरी चुकल्यासारखं आण्णांनी माझ्याकडं बघितलं.



"दारात आलेल्या पावण्याला वाकडी द्यायची व्हय रं? वाकडी आपल्याला ऱ्हाऊ दे की!"