धुक्याआड

केतकीचं बाळ रडायला लागलं आणि एसटी स्टँडवरच्या तिच्या बाकाभोवती नेहमीसारखं धुकं उभं राहिलं. पाजणाऱ्या बाईवर कुणाची नजर पडू नये म्हणून सरकारनं ही सोय केली, तेव्हा केतकीचा जन्मही झाला नव्हता. सोय चांगलीच होती. आत गारवा होता, कुणाचा जाच नव्हता. फक्त बाळ काही केल्या अंगावर पिईना. केतकी घामाघूम झाली. पलीकडच्या बाकावरच्या धुक्यातूनही एक तान्हं केव्हाचं टाहो फोडत होतं.

"अगं, आडवं घे त्याला. पोटाला पोट लाव," बाहेरून एक म्हातारी म्हणाली.

"म्हणजे कसं, आजी? मी कधी कुणाला पाजताना बघितलंच नाही."

म्हातारी फरशीवर टेकली. मग म्हणाली, "बाहेर ये. इथं खाली बस, इथवर धुकं पोचत नाही."

केतकी बाहेर आली आणि सगळ्यांदेखत फरशीवर बसली. म्हातारीनं बाळाची मान तळहातावर तोलून त्याला आईकडे वळवलं. बाळ लुचायला लागलं. समोरच्या कंडक्टरनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात पलीकडचं धुकं हललं. त्यातून एक बाई रडतं बाळ घेऊन बाहेर आली आणि केतकीच्या समोर, ती कशी पाजते ते नीट दिसेल अशी, मांडी घालून बसली.