जागी एकटी
सायकलच्या दुकानामागच्या लहानशा हॉलमध्ये गावातले लोक स्वतः रचलेली गाणी गात, आणि जो अडखळेल त्याला मंचावरून खाली उतरवत. शिवणकाम करणारी सून पहिल्यांदाच उभी राहिली. "हिची रडगाणी कोण ऐकणार!" म्हणत सासूबाई मात्र सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची अडवून बसल्या होत्या. "घर निजलं सगळं, जागी एकटी..." सून थबकली. शब्दच आठवेना. निवेदक तिला उतरवायला उठला. तशा सासूबाई कडाडल्या, "सुई! जागी एकटी सुई! मशीनच्या खडखडाटातून ऐकून माझे कान किटले, आणि तुलाच आठवेना?" हॉल खिदळला. सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं, डोळे मिटले आणि 'सुई'च गायली. गाणं संपलं तेव्हा हसणाऱ्यांच्याच टाळ्या थांबेनात. बाहेर पडताना सून हळूच म्हणाली, "आई, मी 'जुई' लिहिलं होतं." "जुई?" सासूबाई फणकारल्या. "आपलं घर काय जुईनं चालवलं?"