हिरवी तार

"पुढे!" म्हातारा ओरडला.

बोटीच्या पुढच्या बाकावर बसलेल्या सुनेने गिअरचा खटका पुढे केला.

"थांब!"

तिने खटका मधे आणला. मागच्या फळीला लावलेल्या मोटारीपाशी म्हातारा गुडघे टेकून बसला होता. तारेला चिमट्याने अडकवलेला तपासायचा बल्ब ढिम्म. पेटायचं नाव नाही.

"बाबा, बसने जाईन ना मी. पुलावरून जाते की बस."

"बसने जायला तू काय पाहुणी आहेस?"

नव्या कपड्यांना ग्रीस लागू नये म्हणून त्याने तिच्या मांडीवर स्वतःचा जुना टॉवेल पसरला होता. पायाशी तिची बॅग होती. पलीकडच्या काठावर शाळेचे मास्तर वाट बघत असणार. दुपारी तिचं त्यांच्याशी रजिस्टर लग्न. मुलगा गेल्यावर "तू अशी बसून राहायची नाहीस" असं म्हाताऱ्यानेच तिला बजावलं होतं. ती नाही नाही म्हणत असताना मास्तरांना चहाला बोलावलं, तेही त्यानेच. आता बोटं मोडायची तरी कोणाच्या नावाने?

मोटार मुलाची. भंगारातून उचलून आणलेली, त्याच्याहून वयाने मोठी. तिचा गिअर विजेवर चालायचा, आणि तोही उफराटा. करंट नसला की ती पुढेच धावणार. जागेवर ठेवायची तर हिरव्या तारेतून करंट द्यावा लागायचा. "बाबा, हिला जायला काही लागत नाही. थांबायलाच बॅटरी लागते," असं मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. गेले काही दिवस मोटार थांबतच नव्हती. सुरू केली की सुटायचीच.

'न्यूट्रल' हा शब्द म्हाताऱ्याच्या जिभेवर कधी बसला नाही, म्हणून घरात त्याला 'थांब' म्हणायचं ठरलं. त्यातून काय घोळ झाले! म्हातारा "अगं थांब, पाना पडला" म्हणायचा आणि सून इमानेइतबारे खटका मधे आणायची. मुलगा पोट धरून हसायचा. शेवटी दंडकच पडला: बोटीत माणसाला थांब म्हणायचं नाही. माणसाला 'दम धर' म्हणायचं. थांब फक्त मोटारीला.

त्याने हिरवी तार बोटांनी चाचपत आणली. कुठे खरचटलेलीसुद्धा नव्हती. मोटार वर उचलताना तार जिथे दुमडते, तिथे त्याने ती जरा वाकवली. बल्ब लुकलुकला.

"पेटला!"

"खरंच?"

"गेला. दम धर."

त्याने सुरीने वरचं प्लास्टिक सोललं. आतलं तांबं काळं पडून तुटलं होतं. वरून धडधाकट, आतून दोन तुकडे. त्या तारेकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. सापडलंच नाही म्हणावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण पुलावरून बस होतीच.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. डोळे दगा देतात अलीकडे."

मग त्याने टोकं घासून लख्ख केली, पिळून एकात एक अडकवली, वरून चिकटपट्टी गच्च गुंडाळली. मुलाने शिकवलं होतं तसंच. बापाला शिकवताना मुलगा काय तोऱ्यात असायचा! ते आठवलं आणि म्हाताऱ्याला तो हवाहवासा वाटला, इतका की हातातली चिकटपट्टी सुटून तळाच्या पाण्यात पडली.

"मागे!"

खटका मागे गेला.

"पुढे!"

पुढे गेला.

"थांब!"

बल्ब पेटला. चांगला ठसठशीत.

एकदा पेटला की काम झालं. तरी त्याने तिला खटका पुन्हा पुढे करायला लावला, आणि पुन्हा "थांब" म्हटलं. मग आणखी एकदा. दर वेळी बल्ब पेटला, दर वेळी तिने सांगितलं तेवढंच केलं. शेवटी त्यालाच लाज वाटली.

"पुढे," तो हळूच म्हणाला. खटका पुढे गेला, बल्ब विझला. "झालं. आता सुरू करू. मास्तर उन्हात उभे असतील."

बल्बचा चिमटा काढायला त्याने हात पुढे केला, आणि बल्ब पेटला.

त्याने मान वर केली. सून पाठमोरी होती. तिचा हात खटक्यावर होता, आणि खटका मधे.

"अगं, मी काही म्हटलं नाही."

"माहीत आहे."

बल्ब जळत राहिला. मागून एखादी होडी गेली असावी. बोट थोडी हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

"बॅटरी जुनी आहे," तो म्हणाला. "उतरेल."

"उतरू दे," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "उतरली की जाईलच ना पुढे."

म्हाताऱ्याने चिमट्याकडे नेलेला हात मागे घेतला आणि तो बल्बच्या आड धरला, वाऱ्यात दिव्याच्या आड धरतात तसा.