ब्रेकवरचा पाय

आमच्या सूनबाई कुणाचं ऐकतील तर शपथ. ह्यांची जुनी स्पोर्ट्स कार घाटाच्या उतारावर बंद पडली, तर मेकॅनिक बोलवायचं सोडून स्वतःच बॉनेटमध्ये शिरल्या.

तेवढ्यात हँडब्रेक सुटला आणि गाडी पुढे सरकली.

"आई, मधलं पेडल दाबून धरा. कार्बोरेटरमधला कचरा काढते, तोवर सोडू नका."

शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगमागे सरकून मी ते दाबलं. जन्मात पेडलला पाय लावला नव्हता मी. उघड्या बॉनेटमागे ती दिसेना, नुसती फुंकर ऐकू येई. मी दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटून धरला. पाय निसटला तर गाडी तिच्या अंगावरच जाणार.

"आता किल्ली फिरवा."

इंजिन धडधडलं. ती दाराशी आली, तरी माझा पाय उचलेना.

"रोज जिच्याशी भांडतेस, तिच्या पायावर जीव टाकून उभी राहिलीस," मी म्हटलं. "पुरती खुळी आहेस गं."