भुऱ्याचं आयुष्य

"कुत्रं खरंच मेलं का?" डॉक्टर वामनरावांनी पुन्हा विचारलं.

त्यांच्या हातात भरलेली पिचकारी होती. दवाखान्याच्या खाटेवर देवरावची बायको कौसल्या पोटावरचं लुगडं सारून सुईची वाट पाहत पडली होती. कालपासून तिचे दोन्ही पाय तिचे राहिले नव्हते. चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

"मेलं जी," देवराव म्हणाला. पहिल्या दिवशीही त्यानं हेच सांगितलं होतं.

या डॉक्टरांची महाल पेठेत थट्टा चालायची. कुत्रं चावलेला, रक्ताळलेला पाय घेऊन माणसानं यावं आणि यांनी आधी कुत्र्याची खुशाली विचारावी! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. देवरावला मात्र हसू आलं नव्हतं. म्युनिसिपल कमिटीची माणसं लाठ्या घेऊन कुत्री मारत फिरत होती. त्याला वाटलं, पत्ता काढून यांना भुऱ्याला मारायचंय.

मूलबाळ नसलेल्या त्या घरात भुऱ्या हाच काय तो लाडाचा. अंधारात कौसल्येचा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि तो तिच्या पोटरीला चावला. चूक माझीच, असं तीच म्हणाली. पण शेजारच्या प्रयागबाईंनी "पिसाळलं वं बाई, पिसाळलं!" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. मग देवरावनं भुऱ्याला गुपचूप हिंगण्याला भावाकडे, रामाजीकडे पोचवलं, आणि जगाला सांगितलं, मेलं. सुया मात्र सुरू केल्या. विष असलं तर उतरेल, नसलं तर औषधानं काय बिघडतं? दोन दगडांवर पाय ठेवणारा माणूस नेहमी असाच विचार करतो.

पण त्या दिवसापासून घरात काहीतरी शिरलं. जित्या जीवाला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. भाकरी मोडताना देवरावची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणपाटाकडे जायची आणि घास तोंडात फिरायचा. भुऱ्याचं वाढलं, ते आलं कुणाच्या वाट्यातून? परवा तो हिंगण्याला जाऊन आला. भुऱ्या चांगला गलेलठ्ठ झाला होता, त्याच्या अंगावर उड्या मारत होता. घरी परतला तर कौसल्या म्हणाली, "पायाले मुंग्या येऊन राहिल्या जी." देवराव मनातून पार हादरला. कुणाला सांगायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी पिचकारी ताटात ठेवली.

"तू वीज कंपनीत तारा ओढतोस ना गा? तारेवर काय असतं?"

"सूत जी. मेणात भिजवलेलं."

"नुसतं सूत असलं तर?"

"पाणी पिते."

"आणि नुसतं मेण?"

"उन्हानं गळून जाते."

"नसेवरही असंच वेष्टन असतं. चरबी आणि प्रोटीन, एकमेकांना धरून, पदरावर पदर. एक सुटलं की दुसरं टिकत नाही." डॉक्टर कौसल्येच्या पायांकडे पाहत होते. "ही लस मेंढीच्या मेंदूची. म्हणजे तेच वेष्टन आम्ही पोटात टोचतो. एखाद्याचं शरीर त्याला परकं समजून झोडपायला शिकतं, आणि मग स्वतःच्या नसांवरच तुटून पडतं. अमेरिकेत माकडांवर हे पाहिलंय म्हणे. तसं असलं तर आजची सुई देणं म्हणजे हिचा जीव घेणं. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवसांवर जगत नाही, आणि आज चावल्याला बारावा दिवस. ते पिसाळून मेलं असेल, तर पाय विषानं गेले, आणि सुई न देणं म्हणजे हिचा जीव घेणं. आता तूच सांग, मी काय करू?"

कौसल्येनं नवऱ्याच्या धोतराचा सोगा घट्ट धरला. "सांगू नोका जी. मारतीन त्याले."

देवरावनं तिच्या हातावर हात ठेवला. त्याला रडू आवरेना.

"हिंगण्याले हाये साहेब. जितं हाये. परवा माह्या हातानं भाकर खाल्ली त्यानं. मी खोटं बोललो."

आता थोबाडीत बसणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण डॉक्टरांनी पिचकारी मोरीत रिकामी केली आणि ते खाटेच्या कडेवर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी रामाजी भुऱ्याला बैलबंडीत घालून दवाखान्याच्या फाटकाशी घेऊन आला. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, जबडा पाहिला, पुढ्यात पाणी ठेवलं. भुऱ्यानं ते लपलप पिऊन टाकलं. "याला इथंच आवारात बांधा," ते म्हणाले, "आणि कोणी हात लावला तर मला सांगा."

सुया बंद झाल्या. पुढचे काही दिवस कौसल्या तशीच पडून होती, आणि देवराव देवाचं नाव घेत उशाशी बसून होता. मग एका सकाळी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. भेटायला आलेल्या प्रयागबाईंनीच तो आधी पाहिला आणि या खेपेला सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

देवराव धावत आवारात गेला. डॉक्टर भुऱ्याजवळ उकिडवे बसले होते. त्यानं त्यांचे पाय धरले.

"माफी करा साहेब. आमाले वाटलं, तुमी कुत्रं मारासाठीच विचारता."

"मारलं होतं एकदा," डॉक्टर म्हणाले. "आमच्याच घरचं. माझ्या बायकोला चावलं, आणि मी रागाच्या भरात त्याला जागच्या जागी गोळी घातली. मग तिला सुया दिल्या, माझ्या हातानं. आधी पाय गेले, मग हात. ती म्हणत होती, पुरे आता. मी एकही सुई चुकवली नाही."

भुऱ्यानं त्यांचा हात चाटला. त्यांनी तो मागे घेतला नाही.

"तिला कुत्र्यानं नेलं की मी, हे सांगू शकणारं एकच होतं, देवराव. आणि त्याला मी आधीच मारून बसलो होतो."