द्वारकीचा मोर

“आधी तो मोर भिंतीवरून खाली काढा, मंग बोला!”

तुळजाबाई चौथीच्या वर्गात चपलांसकट शिरली ती हे ओरडतच. मागं गल्लीतल्या दोघी. तमाशाला सोबत लागतेच.

उद्या शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’चं प्रदर्शन होतं, भोकरदनहून साहेब यायचे होते. उषाबाईंनी पंधरा दिवस पोरांना हाताशी धरून वर्ग सजवला होता. तेलाच्या डब्यांत खडू, काडेपेट्या एकमेकींना चिकटवून पेन्सिलींचे कप्पे, फाटक्या पोत्याला खिसे शिवून त्यात वह्या. अन् भिंतीवर मधोमध, खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाभळीच्या डिंकानं चिकटवलेला, बांगड्यांच्या काचांचा मोर. द्वारकीनं केलेला. बाकीच्या पोरींनी सतरा रंगांच्या चार-चार काचा आणल्या होत्या. द्वारकीनं फडक्यात बांधून ओंजळभर आणल्या, साऱ्या हिरव्यागार. बाईंनी तिची पाठ थोपटली. एवढ्या काचा कुठून आल्या, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

“बाई, त्या काचा कशाच्या हायत, ठावं हाय का तुम्हाला?” तुळजाबाईनं मोराकडं बोट केलं. “माझा दीर गेला दिवाळीत. त्याच्या बायकोच्या हातातल्या हायत त्या. रांडाव बाईच्या फुटक्या बांगड्या! संक्रांत तोंडावर आली, अन् तुम्ही लेकराबाळांच्या डोक्यावर ह्ये टांगून राह्यल्या? माझी नात बसते इथं!”

उषाबाईंचा चेहरा उतरला. पण त्या हटल्या नाहीत. “काच आहे ती, तुळजाबाई. काच कुणाचं काय करणार?”

“तुमचं बराबर हाय. तुम्ही जालन्याच्या, जीपनं येता अन् जीपनं जाता. गावात आम्हाला राह्यचंय.”

हेडगुरुजी रामकिसन आवाज ऐकून आले. ह्या माणसानं जन्मात कुणाशी वाकडं घेतलं नाही, म्हणून तर बारा वर्षं एकाच शाळेत टिकला. त्यात तुळजाबाईचा नवरा शाळेच्या समितीत. गुरुजींनी खुर्ची ओढली अन् वर चढले. “कशाला डोक्याला ताप? मोर काय, दुसरा करता येईल. पिस्त्याच्या टरफलांचा करा.”

पिस्ते! ह्या गावात! ज्यानं जन्मात शेंगदाण्यापलीकडं टरफल बघितलं नाही, तो सांगतोय.

गुरुजींनी पुठ्ठा ओढला. खिळा उपटून आला, अन् मोराच्या पिसाऱ्यातल्या दोन काचा खाली पडल्या. द्वारकीच्या तोंडून ‘आई’ निघालं.

“का गं भवाने,” तुळजाबाई तिच्यावर घसरली, “कोनी सांगितलं तुला ह्ये गोळा करायला?”

पोरीनं चुलतीकडं बघत फ्रॉकची कड मुठीत चुरगाळली. “मोठ्याई, तूच म्हणली ना, अंगण झाड अन् ह्ये टाकून दे. बाई म्हणल्या, घरातलं टाकाऊ आणा. मंग?”

तुळजाबाईनं मोराकडनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात द्वारकीची आई दारात येऊन उभी राहिली. सुगंधाबाई. शाळेमागच्या वावरात कापूस वेचायला गेल्ती, वेचणीची ओटी तशीच कमरेला होती. तुझ्या पोरीला शाळेत बोलणी बसून राह्यलीत, असं कुणीतरी तिथं जाऊन सांगितलं होतं. तिनं गुरुजींच्या हातातल्या मोराकडं बघितलं. बघतच राहिली. आता आईचा मार बसणार म्हणून द्वारकी रडायला लागली.

सुगंधाबाईनं वाकून खाली पडलेल्या दोन काचा उचलल्या अन् पोरीच्या हातात दिल्या. मग ती थोरल्या जावेकडं वळली. दोन महिने ह्या बाईनं कुणापुढं मान वर केली नव्हती.

“जाऊबाई, फोडू नका म्हणून मी पाय धरले व्हते तुमचे. ह्या दोघींनी माझे हात दाबून धरले, अन् दगड तुमच्या हातात व्हता. मनगटातून रगत आलं तरी थांबल्या न्हाईत. तवा न्हाई झाला तुम्हाला इटाळ?”

मागच्या दोघींनी आपले बांगड्यांनी भरलेले हात पदराखाली घेतले.

“अगं, रीत असते ती, सुगंधा. मी काय माझ्या मनानं…”

“रीत! फोडायची रीत हाय. अन् माझ्या लेकरानं जोडल्या तर अपशकुन?” तिचा आवाज असा चढला की शेजारच्या वर्गातला पाढा बंद पडला. “अंगण झाडायला माझी पोर चालती. भिंतीवर न्हाई चालत?”

“शांततेनं घ्या, सुगंधाबाई,” गुरुजी म्हणाले. “आपण नंतर बसून…”

“पुठ्ठा द्या इकडं.”

गुरुजींनी मुकाट्यानं दिला. उषाबाईंनी टेबलावरची हातोडी अन् दोन मोठे खिळे तिच्यापुढं धरले.

सुगंधाबाई खुर्चीवर चढली. पुठ्ठा भिंतीला लावला, वरच्या कोपऱ्यावर खिळा धरला अन् ठोकला. मग दुसरा कोपरा.

“आता काढा, कोनाला काढायचा तो.”

तुळजाबाई कधी निघून गेली, कुणी बघितलं नाही. खिळा पार डोक्यापर्यंत आत गेला, भिंतीचा गिलावा खाली पडायला लागला, तरी बाई ठोकतच राहिली.