काठोकाठ प्याला

गोळ्या सोडल्या तर तुर्सुनच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: न थरथरणारा हात. थरथरत्या वस्तऱ्याखाली मान द्यायला आमच्या कोकंद शहरात कोण वेडा बसलाय? धाकट्या बहिणीनं, मुहब्बतनं, दिलेली किडनी शरीरानं परकी म्हणून नाकारू नये, यासाठी त्या गोळ्या होत्या. त्यानं त्या गुपचूप बंद केल्या.

चौथ्या दिवशी त्यानं माझी दाढी झकास केली आणि घरी चहाला नेलं. मुहब्बतही आली होती. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला अर्धाच प्याला देतात. काठोकाठ दिला, तर समजावं, ‘उठा आता.’ तिच्यापुढचा प्याला काठोकाठ होता.

“वहिनी, किडनी घेतलीत, आता हाकलताय होय?”

“अगं बाई, मी अर्धाच ओतला!”

तुर्सुनच्या बायकोनं, ओयदिनवहिनीनं, प्याला रिकामा करून पुन्हा दोनच घोट ओतले. आमच्या डोळ्यांदेखत चहा काठापर्यंत चढला.

तुर्सुन पांढराफटक पडला. “गोळ्या आण! चार दिवस घेतल्या नाहीत मी!”

मुहब्बत उठली आणि कुशीवर हात दाबून तिथंच थांबली. “दादा, इथं काहीतरी आलंय.”

तासाभरात दोघांची सोनोग्राफी झाली. मुहब्बतच्या किडन्या दोन भरल्या. तुर्सुनच्या ओटीपोटात, टाक्यांच्या आत, बसवलेल्या किडनीची जागा रिकामी होती.